लेन्स एकाची, बॉडी दुसऱ्याची

कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एरर ०१’ आला, की त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेलाच असतो: कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला संवाद बिघडला आहे, लेन्सचे संपर्कबिंदू पुसून घ्या. लेन्स सिग्मा किंवा टॅमरॉन अशा दुसऱ्या कंपनीची असली तर मात्र पुसण्याआधीच निकाल दिला जातो. कॅमेऱ्याचे सेवा केंद्र लेन्सकडे बोट दाखवते, लेन्सचे केंद्र कॅमेऱ्याकडे. ऐन लग्नसराईत हे घडले तर फोटोग्राफरचे काम अडते. अशा वेळी दोष कोणाचा, याबद्दल जाणकारांतही मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

कॅमेरा कंपन्यांची बाजू आधी पाहू. १९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी रचना) आणला, तेव्हा बॉडी आणि लेन्स यांच्यातले यांत्रिक दुवे काढून टाकले. फोकसची मोटर लेन्समध्ये गेली, अ‍ॅपर्चर हलवणारे यंत्रही लेन्समध्येच गेले, आणि बॉडीकडे उरले ते विजेच्या संपर्कबिंदूंतून हुकूम देणे. हे हुकूम कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रूपात जातात, ते कॅननने जाहीर केले नाही. इतर कंपन्यांनी संकेत तपासून, अंदाज बांधून आपल्या लेन्स तयार केल्या. फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या अनेक लेन्स पुढे डिजिटल बॉडीवर अडखळल्या त्या यामुळेच. त्याच बॉडीवर कॅननच्या स्वतःच्या १९८७ सालच्या लेन्स व्यवस्थित चालतात. आपण काय ठरवले होते हे कंपनीला ठाऊक आहे. दुसऱ्याने काय गृहीत धरले, याची हमी तिने का द्यावी?

दुसरीकडे, लेन्सवाचून बॉडी निरुपयोगी आहे. माउंट ज्याच्या हाती, त्याच्या हाती लेन्सची बाजारपेठही जाते. कॅननचा आरएफ माउंट २०१८ मध्ये आला. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या लेन्स कंपनीच्या ऑटोफोकस लेन्स आपल्या पेटंटचा भंग करतात, अशी भूमिका कॅननने घेतली आणि त्या लेन्सची विक्री बंद झाली. सिग्मा आणि टॅमरॉन यांना परवाना मिळाल्याचे जाहीर झाले ते २०२४ मध्ये, आणि तेही सुरुवातीला लहान सेन्सरसाठीच्या लेन्सपुरते. उलट सोनीने २०११ मध्येच ई माउंटची मूलभूत माहिती लेन्स आणि अ‍ॅडॉप्टर बनवणाऱ्यांना विनामूल्य देऊ केली. आज त्या माउंटवर ग्राहकाला जी निवड मिळते, तिचे बरेचसे श्रेय या निर्णयाला द्यावे लागेल.

तरीही खुला माउंट म्हणजे समान वागणूक नव्हे. सोनीचा अल्फा १ कंपनीच्या निवडक लेन्ससह सेकंदाला ३० फ्रेम काढतो. दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली की वेग १५ वर थांबतो. काहींना हा सरळ पक्षपात वाटतो. मला तो मान्य होण्यासारखा वाटतो, कारण ही मर्यादा आधी सांगितलेली आहे आणि ग्राहक ती जाणून पैसे मोजतो. न सांगता बॉडीच्या अंतर्गत प्रणालीच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, एखाद्या अपडेटनंतर चालती लेन्स बंद पडणे, ही वेगळी गोष्ट आहे.

जबाबदारीचा हा वाद तपासणीनंतर घालावा. बहुतेकदा तो आधीच घातला जातो. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर पहिला संशय घेणे सोपे असते, पण संपर्कबिंदूंवरचा घाम आणि धूळ कंपनीचे नाव पाहत नाहीत. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी, मऊ कोरड्या कापडाने बिंदू पुसावेत. काही अनुभवी मंडळी खोडरबर वापरतात. त्याने मुलामा झिजतो आणि चुरा बॉडीत जातो, म्हणून ते टाळलेले बरे. मग त्याच बॉडीवर कंपनीची लेन्स लावून पाहावी. तीही अडखळली तर दोष बॉडीकडे आहे.

ती चालली, तर पुढची चाचणी अ‍ॅपर्चरची. लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढते आणि एफ/८ वर एरर देते, तेव्हा मुख्य शक्यता दोन असतात: जुन्या चिपला नव्या बॉडीचा हुकूम कळत नाही, किंवा अ‍ॅपर्चरकडे जाणारी पातळ रिबन केबल तुटली आहे. लेन्स जुन्या बॉडीवर लावली की उलगडा होतो. तिथे चालली तर प्रश्न सुसंगतीचा, तिथेही नाही तर दुरुस्तीचा. सिग्माने अशा काही लेन्सच्या चिप बदलून दिल्या होत्या. जुन्या मॉडेलचे सुटे भाग संपल्यावर ती वाट बंद झाली.

काही दोष सुसंगतीचे भासतात, पण नसतात. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून फोकस मागेपुढे पडतो आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये अचूक बसतो, तर ते कॅलिब्रेशन आहे, कारण दोन्हींत फोकस वेगवेगळ्या मार्गांनी ठरतो. याउलट फोटोत विचित्र वर्तुळे उमटली, तर कॅमेऱ्यातले लेन्स करेक्शन बंद करून पाहावे. काही कॅनन बॉडींसाठी हा सल्ला खुद्द सिग्मानेच दिला होता. करेक्शन बंद केल्यावर कडांचा अंधार हाताने काढावा लागतो, एवढी किंमत आहे.

फर्मवेअरबाबत मत देणे अधिक कठीण आहे. बॉडीचे नवे फर्मवेअर लगेच घ्यावे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे: त्यात दोष दुरुस्त होतात, डोळ्यांवरचा फोकस सुधारतो. पण जुन्या आवृत्तीकडे परतणे अनेकदा अवघड असते. ज्याचे पोट कॅमेऱ्यावर आहे आणि बॅगेत दुसऱ्या कंपनीची लेन्स आहे, त्याने लेन्स कंपनीची सूचना येईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

पहिली जबाबदारी मी लेन्स कंपनीवरच टाकेन. खोक्यावर माउंटचे नाव छापून ती लेन्स विकते, तेव्हा ती चालण्याचे आश्वासनही तिचेच असते. लेन्सचे फर्मवेअर ग्राहकालाच बदलता यावे यासाठी सिग्माचा यूएसबी डॉक २०१३ मध्ये आला, टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल २०१६ मध्ये, आणि २०२१ पासून टॅमरॉनने काही लेन्समध्येच यूएसबी-सी दिले. फर्मवेअर बदलण्याची सोय नसलेली ऑटोफोकस लेन्स आज स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मात्र कॅमेरा कंपनीही पूर्ण सुटत नाही. तिने इतरांच्या लेन्सची हमी देऊ नये, हे ठीक. पण परवान्याचा खुला मार्ग ठेवावा आणि फर्मवेअर बाहेर पडण्यापूर्वी परवानाधारकांना ते तपासायला द्यावे. त्यासाठी तिला आपल्या लेन्सच्या विक्रीतला काही वाटा सोडावा लागेल. तो थोडाथोडका नसेल, तरी बॉडीचे पूर्ण पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला तेवढे मागण्याचा हक्क आहे.