पाटी कोणी लावायची?

'मौन म्हणजे संमती' असे आपण सहज बोलून जातो. पण दुकानदाराने दारावर कसलीच पाटी लावली नसेल, तर कमरेला पिस्तूल लावून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याची संमती आहे असे धरायचे की नाही? अमेरिकेत या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर राज्य सरकारे आणि शस्त्रधारी नागरिक यांच्यात मोठे कोर्टकज्जे झाले आहेत.

तंट्याचे मूळ २३ जून २०२२च्या निकालात आहे. घराबाहेर पिस्तूल बाळगायचे तर न्यूयॉर्कमध्ये अर्जदाराला 'सबळ कारण' दाखवावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट रद्द केली. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी नवी कसोटी घातली : शस्त्रांवरचे बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजे. त्याच राज्यातल्या बफेलो शहरात एका माथेफिरूने किराणा बाजारात दहा कृष्णवर्णीयांना ठार मारले, त्याला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते.

राज्याने आठवडाभरात नवा कायदा केला. बागा, भुयारी रेल्वे, नाट्यगृहे, प्रार्थनास्थळे येथे पिस्तुलाला बंदी. अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपल्या खात्यांची माहिती द्यायची. आणि मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज खासगी जागेत शस्त्र न्यायचे नाही. न्यू जर्सीनेही, जिथे आपली मराठी घरे पुष्कळ आहेत, त्याच डिसेंबरात अशाच वळणाचा कायदा केला. दावे लगेच दाखल झाले. सिरॅक्यूजच्या संघीय न्यायाधीशांनी न्यूयॉर्कची बरीच कलमे रोखली. वरिष्ठ न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये बागा, नाट्यगृहे, मद्यालये येथील बंदी उचलून धरली. मात्र समाजमाध्यमांची अट आणि लोकांना खुल्या असलेल्या दुकानांविषयीचा नियम अडवला. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला.

दुकानाचाच नियम हवाई राज्याने केला होता. तो मात्र दुसऱ्या एका अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये वैध ठरवला. एकच घटना, एकच कसोटी आणि निकाल दोन! ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद सुनावणीला घेतला.

हवाईच्या बाजूने पुरावा कोणता निघाला? न्यू जर्सीचा १७७१चा चोरट्या शिकारीविरुद्धचा कायदा आणि लुइझियानाचा १८६५चा कायदा. हा दुसरा कायदा नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना निःशस्त्र ठेवणाऱ्या काळ्या कायद्यांच्या काळातला. म्हणजे आजच्या दुकानदाराच्या रक्षणासाठी कालच्या जुलमाची साक्ष काढावी लागते. हा दोष एकट्या हवाईचा नव्हे, कसोटीचाही आहे. ज्या काळात भुयारी रेल्वे नव्हती, त्या काळात तिच्यातल्या पिस्तुलावरचे बंधन शोधायचे कुठे? २०२४च्या जूनमध्ये न्यायालयाने खुलासा केला की, इतिहासातला हुबेहूब जुळा नको, तत्त्व जुळले म्हणजे पुरे. पण कोणते तत्त्व, हे पुन्हा न्यायाधीशच ठरवणार.

तरीही जुनी पद्धत निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. कर्जमंजुरीच्या टेबलावर नोकरी काढलेल्या माणसाला 'सबळ कारण' या शब्दांतली गोम ठाऊक असते. अर्ज तोच असतो, साहेब बदलला की उत्तर बदलते. ब्रॉन्क्समध्ये गरिबांची वकिली करणाऱ्यांनीच २०२२च्या खटल्यात त्या अटीविरुद्ध निवेदन दिले होते. परवान्याअभावी तुरुंगात जातात ते आमचे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो अशील, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. परवाना कोणाला द्यायचा, हे साहेबाच्या मर्जीवर नसावे. तिथे न्यायालयाचा अंकुश योग्यच आहे. पण शस्त्र कुठे न्यायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार आज त्या जागी वावरणाऱ्यांनी निवडलेल्या विधिमंडळाला हवा. पाटीचा प्रश्न याच दुसऱ्या गोष्टीतला आहे. बहुतेक दुकानदार कसलीच पाटी लावणार नाहीत. गिऱ्हाईक दुखावण्याची भीती दोन्हीकडे असते. म्हणूनच त्यांच्या मौनाचा अर्थ कायदा जो लावील, त्यावर शेकडो बाजारपेठांमध्ये पिस्तूल असेल की नसेल हे ठरेल. तो अर्थ १७७१च्या शिकाऱ्याला विचारून कसा कळणार?