आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादिकाबाईंनी मला मेसमध्ये सांगितलं तेव्हा पोळीचा घास घशातच अडकला. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की आजीचे टोमणे, अशा कात्रीत वाढलेली मी! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या संपादिकाबाईंच्या नावावर टाका आणि पुढे वाचा.

आजीची एक म्हण होती, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" लहानपणी मला आड म्हणजे अडचण वाटायची आणि पोहरा म्हणजे पोरगा. आजीने कपाळावर हात मारून सांगितलं, "अगं, आड म्हणजे छोटी विहीर, आणि पोहरा म्हणजे पाणी शेंदायचं भांडं. विहीरच कोरडी तर भांड्यात काय येणार?" त्या म्हणीचा खरा अर्थ कळायला मला वीस वर्षं, एक रेसिंग कार आणि एक कॉलेज बसचे ड्रायव्हर काका लागले. त्याचीच ही गोष्ट. आणि गोष्टीच्या शेवटी माझं एक मत आहे, ते टीममधल्या काही जणांना आवडणार नाही. असो.

आपल्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम सगळ्यांना माहीत आहे. वर्कशॉपमधून रात्री दोन वाजता आवाज करून बॉइज हॉस्टेलची झोप उडवणारे ते आम्हीच. गाडीला बाइकचं सिंगल सिलेंडर इंजिन आहे. वायरिंग माझ्याकडे, कारण मी इलेक्ट्रिकलची. पेट्रोलचं मॅपिंग, म्हणजे कोणत्या आरपीएमला इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा त्याचा तक्ता, सेकंड इयर मेकॅनिकलच्या एका मुलाकडे होता. त्याचं नाव इथे देत नाही. का, ते पुढे कळेल.

स्पर्धेतला सगळ्यात मोठा इव्हेंट म्हणजे एन्ड्युरन्स. साधारण २२ किलोमीटर, अर्ध्यावर ड्रायव्हर बदलायचा, इंजिन बंद करायचं आणि तापलेलं इंजिन परत सुरू करून उरलेलं अंतर संपवायचं. दिवाळीनंतर आम्ही मागच्या मैदानावर याच्या ट्रायल घ्यायला लागलो. पहिली दहा मिनिटं गाडी वाऱ्यासारखी पळायची. मग सरळ रस्त्यावर थ्रॉटल दाबला की 'फट फट' करून अडखळायची. ड्रायव्हर बदलून परत स्टार्ट केली की दोन राउंड कशीबशी जायची आणि कोपऱ्यावर गपकन बंद. एक्झॉस्टमधला सेन्सर सांगत होता की इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. मिश्रण लीन.

पेट्रोल कमी पडतंय म्हटल्यावर आम्ही सगळे पेट्रोलच्याच मागे लागलो. फिल्टर बदलला. इंजेक्टर साफ करून आणला. प्लग बदलला. तक्त्यात दहा टक्के पेट्रोल वाढवलं, तर सुरुवातीला गाडी काळा धूर सोडायला लागली आणि दहा मिनिटांनी परत तेच. शेवटी वर्गणी काढून जास्त क्षमतेचा पंप मागवला. तो बसवल्यावर तर कमालच झाली, गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडायला लागली!

मग मीटिंग झाली. मीटिंगमध्ये काय होतं ते टीममध्ये असलेल्यांना माहीत आहे. फिल्टर नवा, पंप नवा, इंजेक्टर साफ, मग राहिलं काय? मॅपिंग! तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "लॉगमध्ये व्होल्टेज ११.२ दिसतंय, ते एकदा बघूया का?" बघणार कोण? वायरिंग माझ्याकडे. मी म्हटलं, "बॅटरी जुनी आहे, तेवढं चालतं. तू तुझा तक्ता बघ." सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यापासून तो वर्कशॉपला यायचा बंद झाला.

चार दिवसांनी गाडी मैदानातून ढकलत आणत होतो. बस लावून चहा पीत बसलेले ड्रायव्हर काका आले, म्हणाले, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "काका, पेट्रोल नीट येत नाही." काका म्हणाले, "डायनामो चार्जिंग करतोय का बघितलं? आमच्या बसचे लाइट मंद झाले की मी आधी तेच बघतो." मला मनातून हसू आलं. ही बस नाही, ही रेसिंग कार आहे! पण हातात मल्टिमीटर होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून इंजिन सुरू करून, दोन्ही फॅन लावून, दहा मिनिटांनी बॅटरीवर मीटर लावला.

११.४ व्होल्ट.

इंजिन चालू असताना चार्जिंग नीट होत असेल तर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. नुसती ठेवलेली चांगली बॅटरीसुद्धा १२.६ दाखवते. म्हणजे आमची बॅटरी भरत नव्हती, चालत्या गाडीत रिकामी होत होती. मग पंपाच्या दोन टोकांवर मीटर लावला. ९.८! मधले १.६ व्होल्ट मी ओढलेल्या वायरमध्येच गायब झाले होते.

आता जे कॉम्प्युटर किंवा सिव्हिलचे आहेत त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. आजोबांची जुनी चेतक आठवा (हल्लीची इलेक्ट्रिक नाही, किकवाली). तिच्यात पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं. अँबॅसिडर आणि पद्मिनीमध्ये पंप होता, पण तो इंजिनच ढकलायचं. विजेचा आणि पेट्रोलचा संबंध नव्हता. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तसा गाड्यांमधला कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या बाइक आणि स्कूटरही जवळजवळ सगळ्या त्याच वाटेने गेल्या. इंजेक्शनमध्ये पेट्रोल ढकलतो तो विजेचा पंप आणि शिंपडतो तो विजेवर उघडणारा इंजेक्टर. म्हणजे आता पेट्रोलची विहीर टाकीत नाही, ती अल्टरनेटरमध्ये आहे. आमच्या बाइकच्या इंजिनात स्टेटरमध्ये.

व्होल्ट कमी झाले की दोन गोष्टी एकदम बिघडतात. पंपाची मोटर हळू फिरते. तिला आधी लाइनमधलं तीनेक बारचं प्रेशर पेलायचं असतं, मग उरलेल्या ताकदीत पेट्रोल पुढे ढकलायचं असतं. म्हणून व्होल्ट थोडे उतरले तरी पेट्रोल त्याहून जास्त घटतं. दुसरं, इंजेक्टर उशिरा उघडतो. १४ व्होल्टला उघडायला एक मिलिसेकंद लागत असेल तर १० व्होल्टला दीड लागू शकतो. ईसीयूमध्ये याची भरपाई करणारा वेगळा तक्ता असतो, पण आम्ही तो दुसऱ्याच कुठल्या तरी इंजेक्टरचा, आयता आलेला तसाच ठेवला होता.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कागद घेतला आणि बेरीज मांडली. पंप ८ अँपिअर, दोन फॅन १०, ईसीयू-कॉइल-इंजेक्टर मिळून ४, डिस्प्ले-लॉगर-ब्रेकलाइट २. एकूण २४. आमचा स्टेटर ५००० आरपीएमला कसेबसे १६ देत होता आणि आयडलला त्याच्या निम्मे. म्हणजे खर्च २४ आणि कमाई १६! उरलेलं सगळं सहा अँपिअर-अवरच्या बॅटरीतून जात होतं. दहा मिनिटं गाडी पळायची ती या उधारीवर. नवा पंप जुन्यापेक्षा ३ अँपिअर जास्त खायचा, म्हणून उधारी लवकर संपायची. पोहरा मोठा आणला, आड तेवढाच!

वायरचं गणित तर अकरावीचं आहे. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर, जाऊन-येऊन पाच मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.१८ ओहम. कनेक्टरचं धरून ०.२. गुणिले ८ अँपिअर, बरोबर १.६ व्होल्ट. वजन वाचवायचं म्हणून मी बारीक वायर ओढली होती. वाचलेलं वजन एका मुठीत मावलं असतं.

हे फक्त आमच्या गाडीचं नाही. गाडी 'मॉडिफाय' करणाऱ्या जगभरच्या लोकांचं हे जुनं दुखणं आहे. १९९३ ते २००२ या काळात बनलेली टोयोटा सुप्रा घ्या. कंपनीने त्या गाडीत पंपाला मुद्दाम दोन व्होल्टेज दिली होती. हळू चालवताना कमी, जोरात पळवताना पूर्ण, म्हणजे पंप विनाकारण तापत नाही. जास्त पॉवर काढणारे लोक पहिली कामं करतात त्यात बॅटरीपासून पंपापर्यंत जाड वायर आणि स्वतंत्र रिले हे एक असतं. वॉल्ब्रोचा प्रसिद्ध पंप ताशी २५५ लिटरचा, असं सगळे सांगतात, पण तो आकडा १३.५ व्होल्टचा आहे हे कुणी सांगत नाही. टर्बो गाडीत पूर्ण बूस्टवर पेट्रोल असं कमी पडलं तर नुसती फट फट होत नाही, पिस्टन वितळतो.

आणि पार्किंगमधल्या मित्रांनो, तुम्हीही ऐका. लहान कारचा अल्टरनेटर साधारण ५० ते ७० अँपिअरचा असतो, तोही इंजिन जोरात फिरत असताना. सिग्नलला उभे असताना त्याच्या निम्मासुद्धा मिळेलच असं नाही. त्यावर तुम्ही १०० वॉटचे बल्ब, मोठा अँप्लिफायर आणि चार हॉर्न लावता. मग घाटात गाडी दम टाकते आणि शिव्या खातो पेट्रोलपंपवाला!

आता माझं मत. आपल्याला बिघाड दिसतो तिथेच शोधायची सवय लागली आहे, कारण आपण डिपार्टमेंटच्या भिंतींमध्ये शिकतो. पेट्रोल मेकॅनिकलचं, वायर इलेक्ट्रिकलची, आणि दोघांच्या मधला पंपाचा कनेक्टर कुणाचाच नाही. गाडीला मात्र भिंती माहीत नसतात. दुसरं, पॉवर वाढवणारी वस्तू विकत घेतली की फोटो काढता येतो, स्पॉन्सरला दाखवता येतं. जाड वायर आणि लोडची बेरीज यांचे फोटो कुणी काढत नाही.

काही जण म्हणतील, मोठी बॅटरी लावली असती की झालं. नाही. खर्च कमाईपेक्षा जास्त असेल तर मोठी बॅटरी म्हणजे मोठी उधारी. गाडी दहाऐवजी वीस मिनिटांनी थांबेल, एवढंच. आमचा स्टेटर इंजिनच्या पोटात, तो सहज बदलता येत नाही. म्हणून आम्ही खर्च कमी केला. जुना पंप परत लावला, रेडिएटरपुढे हवेची वाट नीट करून एक फॅन काढला, दुसरा तापमान वाढलं तरच चालेल असा केला, पंपाला बॅटरीपासून रिलेतून जाड वायर आणि अर्थिंग थेट बॅटरीला. नव्या खर्चाचं बिल एका सिनेमाच्या तिकिटाएवढं. पंपावर १३.१ व्होल्ट आले. ट्रायलचे २२ किलोमीटर पूर्ण झाले, जानेवारीत स्पर्धेतलेही झाले.

पुढच्या टीमला माझी विनंती एवढीच आहे की गाडीवर एकही नवी वस्तू चढवण्याआधी अँपिअरची बेरीज भिंतीवर लावा. आणि कुणावर बोट दाखवण्याआधी मीटर लावा. मीटर पाचशे रुपयांत मिळतो. माणूस मिळत नाही.

कारण हिशोब अजून पूर्ण झालेला नाही. आमच्या लॉगरमध्ये व्होल्टेजचा रकाना पहिल्या ट्रायलपासून होता. प्रत्येक रनमध्ये ते १२.५ वरून ११ कडे घसरताना स्पष्ट दिसत होतं. टीमच्या रजिस्टरमध्येही त्या मुलाच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'व्होल्टेज ११.२? विचारायचं.' त्याने विचारलं होतं. मलाच विचारलं होतं.

या अंकाच्या रंगीत पानावर टीमचा फोटो आहे. त्यात सतरा जण आहेत, ट्रॉफीशिवाय पण हसरे. अठरावा मैदानावर आलाच नव्हता. मी त्याच्या रूमवर जाऊन सॉरी म्हटलं, तो "इट्स ओके" म्हणाला आणि दार लावून घेतलं. पण मी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं होतं, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. तुझा तक्ता बरोबर होता. चूक माझ्या वायरची होती आणि माझ्या जिभेची.

पुढच्या गाडीचं मॅपिंग अजून कुणाला दिलेलं नाही. वर्कशॉपची किल्ली वॉचमनकाकांकडे असते, आणि मीटर आता पहिल्याच ड्रॉवरमध्ये ठेवलाय.