डेन्सिटीचा डांगोरा

नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हल्ली चालणं कमी आणि सल्ले फार. तिथले एक स्वयंघोषित गादीतज्ज्ञ सांगत सुटले आहेत की गादीवर मेमरी फोमचा थर टाकायचा तर ८० डेन्सिटीचाच. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक, कडक म्हणजे पाठीला आधार. ४०-५० घेणारे कंजूष, त्यांची कंबर दुखणारच. वर पुस्ती, अंतराळवीरही यावरच झोपतात!

अंतराळवीरांना आधी मोकळं करू. १९६६ साली नासासाठी हा फोम तयार झाला तो विमानाच्या आसनांकरता, धक्का सोसावा म्हणून. आणि स्वस्त घेणारा कंजूष, महाग तेच चांगलं, या तर्काला उत्तर देण्यात वेळ कोण घालवणार?

खरी गफलत पुढेच आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. बस्स. कडकपणा वेगळा मोजतात, फोम ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो त्यावरून. ८० चा फोम मऊ निघू शकतो, ४० चा ताठ. पण वजनावरून गादी जोखायची आपल्याकडे खोड जुनी. पूर्वी गादीची प्रतिष्ठा ‘किती किलो कापूस भरला’ यावर ठरायची. असं मानणाऱ्यांशी तेव्हाही माझं वाजायचं. अहो, दबून दगड झालेली गादी उसवून पिंजाऱ्याने तोच कापूस पिंजून पुन्हा भरला की ती मऊ व्हायची ना? वजन तेवढंच, गादी निराळी. ज्यांना तेव्हा हे पटलं नाही, त्यांना आता फोम काय पटणार! हं, जास्त डेन्सिटीचा फोम सहसा जास्त टिकतो, एवढं त्यांचं खरं. पण टिकणं म्हणजे मानवणं नव्हे.

शिवाय हा फोम उबेने मऊ पडतो, गारठ्याने ताठतो. थंडीत निफाडचा घसरलेला पारा बातम्यांत झळकतो त्या दिवसांत नाशकातल्या गार खोलीत अंग टेकल्यावर तो लवकर दबतच नाही. मे महिन्यात तोच ढिला पडतो. दुकानाच्या एसीत तळहाताने दाबून पाहणाऱ्यांना हे कळावं कसं?

मग घ्यावा कोणता? मध्यम बांध्याच्या माणसाला ५०-६० डेन्सिटी आणि दोन इंच जाडी पुरते. अंगाने भारी असाल तर तीन इंच घ्या, डेन्सिटीही थोडी वाढवा. खालच्या गादीला खड्डा पडला असेल तर मात्र आधी गादी बदला. वरचा थर त्याच खड्ड्यात उतरतो.

आणि लेबलावर विसंबू नका. सहा बाय तीन फुटांचा, दोन इंची, ५० डेन्सिटीचा फोम खोळ काढून सव्वाचार किलोच्या आसपास भरला पाहिजे. ८० चा जवळजवळ सात किलो. साडेतीनच भरला तर दुकानदाराशी भांडा. ट्रॅकवरच्या तज्ज्ञांना विचारायला जाऊ नका. ते त्यालाही ८० च म्हणतील.