धंद्याची व्हॅन, घरच्या गाडीचा विमा: अपघात झाला तर बिल कोणाच्या नावावर फाटतं?

पहाटे कुठल्याही मार्केट यार्डाच्या गेटवर थांबा. छोटा हत्ती आणि पिकअपच्या रांगेत अधूनमधून पांढऱ्या नंबर प्लेटची ओम्नी किंवा ईको दिसतेच. मागच्या सीट काढलेल्या आणि आत भाजीचे क्रेट. दुपारी अशाच गाड्यांतून केटरिंगचे डबे, पाण्याचे जार, कापडाचे गठ्ठे, मंडपाचं सामान जातं. गाडी खासगी म्हणून रजिस्टर केलेली, विमाही खासगी गाडीचा, काम मात्र धंद्याचं.

बहुतेकांचा समज असा की विमा भरलाय ना, मग विषय संपला. पोलिसाने अडवलं तर मोबाईलवर पॉलिसी दाखवता येते, ही गोष्ट खरी आहे. पण पॉलिसी ज्या वापरासाठी घेतली, त्याच वापराला ती पूर्ण लागू होते. वापर बदलला की कंपनीच्या हातात नकाराचं कारण जातं, आणि ते आपल्याला अपघातानंतरच कळतं.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे दोन निर्णय. एक सुप्रीम कोर्टाचा, एक जीएसटी कौन्सिलचा. दोन्ही छोट्या मालवाहू गाड्यांच्या फायद्याचे आहेत, पण पहिल्याचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो.

सुप्रीम कोर्ट नेमकं काय म्हणालं?

६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की कारचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवू शकतो. त्यासाठी लायसन्सवर वेगळा शेरा लागत नाही. २०१७ च्या मुकुंद देवांगण निकालात हेच म्हटलं होतं. विमा कंपन्यांनी त्यावर शंका घेतली, प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं आणि तिथेही तेच कायम राहिलं. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या जादा अटी मात्र तशाच आहेत.

याचा फायदा मोठा आहे. 'ड्रायव्हरकडे ट्रान्सपोर्टचं लायसन्स नव्हतं' एवढ्यावरून छोट्या टेम्पोचा क्लेम आता नाकारता येत नाही.

पण हा निकाल लायसन्सबद्दल आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन कोणतं आणि पॉलिसी कोणती, हे दोन प्रश्न त्याने सोडवलेले नाहीत. 'आता साध्या लायसन्सवर चालतं, म्हणजे साध्या पॉलिसीवरही चालेल' असा अर्थ त्यातून निघत नाही.

खासगी पॉलिसीत काय लिहिलेलं असतं?

खासगी कारच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. त्यात साधारण असं असतं की गाडी कोणत्याही कामासाठी वापरता येईल, पण भाड्याने देणं, शर्यती आणि मालवाहतूक सोडून. मालवाहतुकीतून सूट फक्त दोन गोष्टींना: विक्रीचे नमुने आणि स्वतःचं प्रवासाचं सामान.

इथेच अनेक जण फसतात. 'मी कुठे भाडं घेतो? माझ्याच दुकानाचा माल आहे' असं ते म्हणतात. पण ही अट भाड्यापुरती नाही. स्वतःच्या दुकानाचा माल हासुद्धा मालच. किराणा दुकानदाराने होलसेलवाल्याकडून पन्नास पोती साखर स्वतःच्या ईकोत आणली, तर ते 'प्रवासाचं सामान' होत नाही.

मग क्लेम पूर्ण बुडतो का?

इथे दोन वेगळे क्लेम लक्षात घ्यावे लागतात.

पहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अट मोडली म्हणून कंपनी हा नाकारू शकते. कोर्टाने काही वेळा मधला मार्ग काढलाय. नितीन खंडेलवाल प्रकरणात खासगी म्हणून नोंदवलेली गाडी टॅक्सीसारखी वापरताना चोरीला गेली. वापराची अट मोडली म्हणून पूर्ण क्लेम नाकारता येणार नाही, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. मात्र त्यासाठी गाडीमालकाला ग्राहक मंचापासून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. ज्याची रोजची कमाई त्या गाडीवर आहे, त्याला एवढा वेळ परवडतो का?

दुसरा क्लेम तिऱ्हाईताचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या गाडीने इजा झाली किंवा मृत्यू झाला, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हाच विमा सक्तीचा आहे. इथे कंपनीला सहज हात झटकता येत नाहीत. कोणत्या कारणांवर जबाबदारी नाकारता येते, त्याची यादी कलम १५० मध्ये दिलेली आहे. परमिट नसताना गाडी भाड्याने वापरणं हे त्यातलंच एक कारण.

अट मोडलेली दिसली तर कोर्ट अनेकदा कंपनीला सांगतं की अपघातग्रस्ताला आधी पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा. २००४ च्या स्वरन सिंग निकालापासून हा मार्ग रुळलेला आहे. अपघातग्रस्ताच्या बाजूने हे न्याय्यच आहे. पण मालकासाठी याचा अर्थ असा की कंपनीने दिलेली रक्कम त्याच्या डोक्यावर कर्ज म्हणून येते, आणि वसुलीसाठी त्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

ही रक्कम किती असू शकते?

हिशेब करून पाहू. ३२ वर्षांचा, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेला, महिना २५,००० कमावणारा माणूस अपघातात गेला. घरी चार जण त्याच्यावर अवलंबून. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे.

वर्षाची कमाई ३ लाख. पुढे वाढणाऱ्या उत्पन्नासाठी त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले ४ लाख २० हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की उरले ३ लाख १५ हजार. या वयाला गुणक १६. एकूण ५० लाख ४० हजार रुपये. अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा आणि व्याज वेगळं.

यात दोष सगळा तुमच्या ड्रायव्हरचा आहे, असं धरलंय. पण मालवाहतुकीच्या गाडीमागे धोका किती मोठा आहे, हे यावरून कळतं.

योग्य विम्याला किती पैसे लागतात?

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या, भाड्याने माल नेणाऱ्या चारचाकी गाडीचा हप्ता १६,०४९ रुपये. फरक १२,६३३ रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ३५ रुपये.

त्याच तक्त्यात आणखी एक वर्ग आहे, ज्याची माहिती छोट्या दुकानदारांना क्वचितच असते. गाडी फक्त स्वतःचाच माल नेत असेल, तर तिला 'प्रायव्हेट कॅरिअर' म्हणतात. त्याचा हप्ता ८,५१० रुपये आहे. म्हणजे खासगी कारपेक्षा दिवसाला सुमारे १४ रुपये जास्त. मात्र एकदा या वर्गात विमा घेतला की दुसऱ्याचा माल भाड्याने न्यायचा नाही.

दुसरी बातमी इथे उपयोगी पडते. मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. १६,०४९ रुपयांच्या हप्त्यावर सुमारे १,१०० रुपये वाचतात.

मग लोक पांढरी प्लेट का ठेवतात?

सगळेच काही फसवाफसवी करत नसतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. ट्रान्सपोर्ट गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी लागते. शहरात मालवाहू गाड्यांना अनेक रस्त्यांवर वेळेची बंदी असते. ज्याला आठवड्यातून दोनदाच माल आणायचा आहे, त्याला हे सगळं डोईजड वाटतं.

दरांच्या रचनेतही एक त्रुटी आहे. खासगी कारला इंजिनप्रमाणे तीन टप्पे आहेत. मालवाहू गाड्यांमध्ये मात्र पहिला टप्पाच थेट साडेसात हजार किलोपर्यंतचा. म्हणजे छोटा हत्ती आणि त्याच्या चौपट वजनाचा टेम्पो यांना थर्ड पार्टीचा हप्ता सारखाच. सर्वात लहान गाड्यांसाठी वेगळा, कमी दराचा टप्पा केला, तर पांढऱ्या प्लेटवर धंदा करणारे कितीतरी जण आपणहून योग्य विम्याकडे येतील.

एक सवलत मात्र आजही आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही. पण ट्रान्सपोर्ट म्हणून रजिस्ट्रेशन आणि फिटनेस लागतंच.

कमर्शियल पॉलिसी घेतली, तरी या चार गोष्टी बघा

१. आतला माल: गाडीच्या पॉलिसीत मालाचा विमा नसतो. महागडा माल नेत असाल तर मालवाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

२. बंपर, हेडलाईट, रंग: कमर्शियल पॉलिसीत एरवी बंपर, दिवे, मडगार्ड, टायर आणि रंगाचं किरकोळ नुकसान मिळत नाही. त्यासाठी 'आयएमटी २३' हे कव्हर जोडून घ्यावं लागतं. शहरात रोज घासाघीस होणाऱ्या गाडीला ते हवंच.

३. माणसं: मालकाने स्वतः गाडी चालवली तर १५ लाखांचं अपघात कव्हर असतं. पगारी ड्रायव्हर आणि हमालासाठी जादा कव्हर नाममात्र हप्त्यात मिळतं, ते पॉलिसीत लिहिलंय का ते तपासा.

४. मागे बसलेले लोक: हे सगळ्यात गंभीर. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसू शकतो. पण लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेली मंडळी असे प्रवासी मागे बसवले आणि अपघात झाला, तर त्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे गावातल्याच लोकांची भरपाई गावातल्याच गाडीमालकावर पडते.

सेकंड हँड व्हॅन घेताना किंवा विकताना

जुनी ओम्नी घेऊन धंदा सुरू करणारे खूप आहेत. गाडी विकल्यावर आरसीवरचं नाव बदललं नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो. २०१८ च्या नवीन कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: अपघाताच्या दिवशी आरसीवर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. घेणाऱ्यानेही १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

आज करायचं काम

डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा आणि 'व्हेइकल क्लास' बघा. मग पॉलिसी उघडून 'वापराच्या मर्यादा' वाचा. गाडी रोज जे काम करते ते या दोन्ही कागदांत बसतं का, एवढंच तपासायचंय.

बसत नसेल, तर आधी आरटीओत चौकशी करा. नुसत्या सीट काढून किंवा प्लेट पिवळी रंगवून गाडी मालवाहू होत नाही, त्यासाठी रीतसर परवानगी लागते, आणि प्रत्येक मॉडेलला ती मिळेलच असं नाही. नवीन गाडी घेणार असाल तर कंपनीचंच कार्गो मॉडेल घेणं सोपं पडतं. आणि विमा एजंटला गाडीचा खरा वापर सांगा, पॉलिसीवर तसं लिहून घ्या. हप्ता वाचवायला लपवलेली गोष्ट कंपनी क्लेमच्या वेळी शोधतेच.