आपल्याच घरात गेस्ट

नेट गेलं की आमच्या घरी कुणीतरी उठून आधी राउटर बंद करतं. ‘नेट नाय तर वायफाय कित्याक जाळूचा?’ हा आमच्या सौभाग्यवतींचा ठरलेला सवाल. पाण्याच्या पंपापासून इन्व्हर्टरपर्यंत घरातली सगळी बटणं त्यांच्या हुकमतीत आहेत. वायफायवर घरातले फोन आपसात बोलतात, नेटवर बाहेरच्या जगाशी. बाहेरचं बंद पडलं तरी आतलं चालू राहतं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडायच्या आत चिरंजीव कानांत बोंडं घालतात.

यंदा चवथीत विषय पुन्हा निघाला. विसर्जन झालं, पावसाने आंब्याची एक फांदी नेमकी फायबरच्या वायरवर आणून टाकली आणि नेट गेलं. कंपनीचा माणूस ‘आज येतो’ म्हणाला. कोकणात ‘आज’ हा शब्द आठवडाभर पुरतो. इकडे मुंबईहून आलेल्या चुलत दादाला दुसऱ्या दिवशी गाडी पकडायची होती आणि निघण्याआधी त्याला हवी होती भजनाची डबलबारी. आमच्या चिरंजीवांनी ती मोबाइलवर अख्खी चित्रित केली होती. दोन बुवा, समोरासमोर, गजर होईपर्यंत. फुल एचडीत तासाला सहा-सात जीबी सहज होतात. ही तर रात्रभराची. दादा म्हणाला, ‘व्हॉट्सॲपवर टाक.’ व्हॉट्सॲप दोन जीबीच्या पुढची फाइल घेत नाही आणि जे घेतं ते आधी दूरच्या सर्व्हरवर पाठवून मग परत आणतं. पडवीतून माजघरात जायला नेट दोनदा लागणार आणि नेट तर आंब्याखाली.

म्हटलं, घरच्या वायफायवरून फाइल पाठवणारं एखादं फुकट ॲप बघू. यातल्या ‘फुकट’वर स्वतंत्र लेख होईल. शोधल्यावर एकाच चेहऱ्याची डझनभर ॲपं रांगेत उभी राहतात. एक उघडलं तर आधी रमीची जाहिरात, मग कर्जाची, मग ‘तुमचा फोन घाण झालाय, साफ करा’. फोन घाण झालाय हे त्याला कसं कळलं? तर आत शिरताना त्याने फोटो, संपर्क, लोकेशन सगळं मागून घेतलेलं असतं. जुन्या अँड्रॉइडवर जवळचा फोन शोधायला लोकेशनची परवानगी लागते, हे मान्य. पण डबलबारी पाठवायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला?

माहितीचं एवढंच सांगतो. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर कशी न्यावी, याचे पहिले नियम एप्रिल १९७१मध्ये लिहिले ते अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतला हा माणूस तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. आमचा जिल्हा त्या वेळी रत्नागिरीच्या एकत्र कुटुंबातच होता. आमची वाटणी १ मे १९८१ची. आपल्याकडे पुढे सगळ्यांच्या फोनात शेअरइट आणि झेंडर आली. २९ जून २०२० रोजी केंद्राने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात दोन्ही गेली. आज अँड्रॉइडमध्येच क्विक शेअर असतं, आयफोनमध्ये एअरड्रॉप. दोघांचं सहसा जमत नाही. दादाकडे मुलाने घेऊन दिलेला आयफोन, चिरंजीवांकडे अँड्रॉइड. अशा मिश्र घरांसाठी लोकलसेंड नावाचं ॲप आहे. खरोखर फुकट, जाहिरात नाही, खातं उघडणं नाही, दोन्ही जातींच्या फोनांवर चालतं. दोघे एका वायफायवर असले की झालं.

ते उतरवून घ्यायला मात्र एकदा नेट लागतंच. दादा छत्री आणि दोन्ही फोन घेऊन बावीकडे गेला, कारण आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त तिथे. ॲप घेऊन आला. सौभाग्यवतींच्या डोळ्यांदेखत राउटर इन्व्हर्टरवर चालू केला. दोन्ही फोन शेजारी शेजारी, अगदी खेटून. पण एकाला दुसरा दिसेना.

चिरंजीव सहज बोलून गेले, ‘मोठे काका, तुम्ही गेस्टवर आहात ना, म्हणून दिसत नाही.’

पडवीत अख्खी चवथ थांबली. भांडी घासायची थांबली. चिरंजीवांनी तांत्रिकदृष्ट्या चोख काम केलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुख्य पासवर्ड देऊ नये, वेगळं गेस्ट नेटवर्क काढून द्यावं. त्यावरच्या माणसाला नेट मिळतं, पण घरातली बाकीची उपकरणं दिसत नाहीत. शहाणे लोक असंच करायला सांगतात. पण शहाण्या लोकांना भाऊबंद नसावेत.

‘घरपट्टीच्या कागदार माझा नाव आसा, आणि मी गेस्ट?’ दादा म्हणाला.

पुढचा तासभर फाइलीचं नाव कुणी काढलं नाही. आजोबांनी हे घर बांधलं तेव्हा चिरे कुणी वाहिले, इथून सुरुवात झाली. मग परड्यातला फणस, त्याचे गरे मुंबईला कुठल्या साली पोचले नाहीत, माळ्यावरची तांब्याची घागर कुठे गेली, तौक्ते वादळात २०२१ला कौलं उडाली तेव्हा फोन कुणी उचलला नाही, असं करत करत प्रकरण सातबाऱ्यापर्यंत आलं. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की तलाठी बदलून येतो तो आधी चष्म्याचा नंबर बदलतो. कोकणातलं मूळ घर म्हणजे परवानग्या न ठरवता सगळ्यांना उघडा ठेवलेला फोल्डर आहे. जो तो येऊन बघतो, हवं ते उचलतो. पुसण्याचा हक्क सगळ्यांना, भर घालायला कुणी नाही.

शेवटी चिरंजीवांनी मुकाट्याने काकांना मुख्य नेटवर्कवर घेतलं. फोन एकमेकांना दिसले, दादाने ‘स्वीकारा’ दाबलं आणि डबलबारी निघाली. तेवढ्यात मला सुचलं आणि मी बोललो: हक्क सारखा असेल, तर महिन्याचं बिलही निम्मं निम्मं करू.

‘आमी वर्साक धा दिस येतंव. बिल कित्याक भरूचा?’

‘दहा दिवस येतो त्याला काय म्हणतात, ते मघाशी राउटरने सांगितलंच,’ मी म्हणालो.

दादा गप्प झाला. पण वहिनी गिरगावात वाढलेल्या, चाळीतल्या सामाईक नळावर तयार झालेल्या. त्यांनी पदर खोचला. इथे एक सांगायला हवं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत हातभर जाड असते. वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांतली जास्त वेगाची पाच गिगाहर्ट्झची पट्टी ती भिंत ओलांडताना धापा टाकते. राउटर ज्या खोलीत, खरा वेग त्याच खोलीत. हे मी मागे याच सदरात लिहिलं होतं आणि माझे लेख मुंबईत कुणीतरी वाचतं, याचा पुरावा मला त्या क्षणी मिळाला.

‘बिल आमी भरतंव,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण मगे तो डबो आमच्या खोलीत लावा.’

त्यांची खोली वर्षातले साडेअकरा महिने कुलपात असते. मी मेपर्यंत मुदत मागून घेतली आहे.