आधी पाणी, मग पाऊल, मग चाक

लहान मुलांच्या खेळण्यावर कॉलेजच्या अंकात लेख लिहावा, हे काही वाचकांना बालिशपणाचे वाटेल. पण बालपणीच्या खेळातून मनाची घडण होते, हे वाक्य वक्तृत्व स्पर्धांत आपण दरवर्षी ऐकतो व टाळ्याही वाजवतो. मग ती घडण प्रत्यक्षात कशी होते, हे एकदा शांतपणे बसून पाहायला काय हरकत आहे? गेल्या उन्हाळी सुट्टीत मी ते पाहिले. पाहून जे वाटले ते येथे मांडते. पटले तर घ्यावे, न पटले तर पुढच्या अंकात खोडून काढावे.

माझे घर पेडणे तालुक्यात. थोरली ताई डिचोलीस दिलेली. बेळगावाहून चोर्ल्याचा घाट उतरला की साखळी आणि साखळीपुढे डिचोली. तेव्हा घरी जाण्याआधी ताईकडे चार दिवस राहायचे, हा माझा नेम ठरून गेला आहे. ताईचा मुलगा चौथीत शिकतो. त्याच्या काकांनी आखातातून येताना त्याला प्लास्टिकच्या विटांचा भला मोठा खोका आणला होता. मी गेले तेव्हा सोप्याचा अर्धा भाग त्याच्या शहराने व्यापलेला होता.

“मावशी, बॅग तिथे ठेवू नकोस, तिथे विमानतळ व्हायचा आहे!” हे माझे स्वागत. (आमचे घरचे बोलणे कोकणीतले, येथे मराठीत देते.)

शहर खरोखरच देखणे होते. हिरव्या पाटावर मधोमध सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली इमारती, पेट्रोल पंप, गाड्यांसाठी प्रशस्त जागा. गाड्या त्याने स्वतः योजलेल्या होत्या. विटेवर जी गोल बटणे असतात, ती या शहराची मोजपट्टी. गाडी चार बटणे रुंद, रस्ता बारा बटणे रुंद, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना न घासता जाव्यात आणि वर मोकळी जागाही उरावी. एवढा हिशेब चौथीतल्या मुलाने केला, याचे मला कौतुक वाटले. “आणि माणसांना चालायला?” असे मी विचारले, तेव्हा त्याने रस्त्याच्या कडेची करडी पट्टी दाखवली. ती एक बटण रुंद होती.

खोक्यातली चिमुकली माणसे दोन्ही पायांनी दोन शेजारच्या बटणांवर बसतात. त्यामुळे एका बटणाच्या पट्टीवर माणूस चालण्याच्या दिशेने तोंड करून उभाच राहू शकत नाही. तो उभा राहतो, पण इमारतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून. भाच्याने तशी सहा माणसे ओळीने उभी केली. ती पाहून ताईच्या सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, “हे तर आमच्यासारखेच! ट्रक यायचे तेव्हा आम्ही असेच भिंतीला चिकटून उभे राहायचो.”

डिचोली तालुक्याबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवे, की २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत येथील रस्त्यांवरून खनिजाच्या ट्रकांच्या रांगा जात. पुढे २०२२ च्या अखेरीपासून खाणींचे लिलाव होऊन काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. त्या राजकारणात मी येथे शिरत नाही. माझा मुद्दा एवढाच, की आजींनी जे आयुष्यभर भोगले, तेच नातवाने कोणी न शिकवता खेळात मांडले. त्याने काही चूक केली नव्हती. जे पाहिले ते बांधले.

मग मी या विटांच्या इतिहासाची थोडी माहिती काढली. डेन्मार्कमधील बिलुंड या गावच्या ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला आरंभ केला. त्यातून ‘लेगो’ ही कंपनी उभी राहिली. १९५५ साली तिने विटांचा संच ‘शहराचा आराखडा’ म्हणून मांडला. त्यात रस्ते आखलेला पट होता आणि त्यावर ठेवायला मोटारी होत्या. आज आपण जी वीट पाहतो, आतून नळ्या असलेली, तिचा एकाधिकार २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदला गेला. हातपाय हलवणारी, हातात वस्तू धरणारी माणसे मात्र १९७८ साली आली. रस्ता आणि मोटार आधी, आणि त्या शहरात राहणारा माणूस तेवीस वर्षांनी! त्या सुताराच्या वारसांना यात दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी सारे जगच मोटारीच्या मोहात होते. परंतु हा क्रम मुलांच्या बोटांत उतरला आहे, हे विसरून चालणार नाही.

याच खेळण्याकडून शिकण्यासारखी एक मोठी गोष्टही आहे. १९५८ सालची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. नवे करताना जुन्याशी जुळेल असेच करायचे, हा त्या घराण्याचा नियम. आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा एकमेकींना जोडण्याचे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकार होतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. नियम एकच, पण त्यातून स्वातंत्र्य केवढे! आपल्याकडे मात्र नवा रस्ता जुन्या गटाराशी जुळत नाही, नवा पूल जुन्या पायवाटेशी जुळत नाही, आणि एवढे करून त्याला विकास म्हणायचे.

विटेचे आणि आमचे नाते तसे जुने आहे. मी भूशास्त्र शिकते म्हणून सांगते. आमच्या गोव्यातली घरे ज्या चिऱ्यांची, तो जांभा दगड. त्याला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली दिले, ते लॅटिन भाषेतील ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून. जमिनीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. वारा लागला की तो कठीण होतो. गवंडी चिऱ्यावर चिरा ठेवताना खालचा सांधा वरच्या चिऱ्याखाली झाकतो. भाचाही तेच करत होता. “सांधा सांध्यावर आला तर भिंत उकलते, मावशी,” असे त्याने मला समजावले, तेव्हा गवंड्याचे शास्त्र तो खेळात शिकला आहे हे मला मान्य करावे लागले.

पण जांभ्याचे दुसरे शास्त्र त्या हिरव्या पाटावर नव्हते. आमचे सडे म्हणजे जांभ्याचे पठार. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येते. त्या झऱ्यांवर खालची कुळागरे आणि शेते जगतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. खोक्यातला पाट मात्र सपाट आणि कोरडा. ज्या देशात तो घडला तेथे ते चालत असेल. पेडणे-डिचोलीत सपाट आणि कोरडी जागा शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागेल.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी भाच्याला म्हटले, “तुझे शहर आपण गोव्यात आणू.” आम्ही पाट उचलून अंगणाच्या पायरीवर तिरका ठेवला आणि वरून हळूहळू तांब्याभर पाणी ओतले. पाण्याला सर्वांत सोपी वाट मिळाली ती रस्त्याची. दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे रस्त्याची जणू चर झाली होती. गाड्या वाहत जाऊन पेट्रोल पंपाला अडकल्या, पाणी तुंबले आणि खालच्या बाजूच्या घरांत शिरले. भिंतीला पाठ लावून उभी असलेली माणसे पाण्यात राहिली. भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “मावशी, हे मागच्या पावसात आपल्या बाजारात झाले तसेच झाले.”

त्याने शहर मोडले. मी एक शब्दही सांगितला नाही. पुन्हा बांधताना त्याने पहिली गोष्ट ठेवली ती निळ्या विटांची ओळ. “हा व्हाळ.” त्यावर साकव घातला. साकवाकडे जाणारी वाट तीन बटणे रुंद केली, “म्हणजे दोघी मैत्रिणी बोलत जाऊ शकतील.” मग देऊळ, शाळा, बाजार, घरे. रस्ता शेवटी आला आणि तो व्हाळाच्या कडेने वळणे घेत आला. गाड्यांची संख्या घटली, कारण त्या ठेवायला जागाच उरली नाही. तेव्हा चार गाड्या मोडून त्याने एक लांब बस केली. पूर्वी एका गाडीत एक माणूस बसत होता, बसमध्ये आठ बसले. बसवर त्याने कागदावर ‘कदंब’ असे लिहून चिकटवले.

हे सारे पाहताना मला बेळगावची दिवाळी आठवली. आमच्या गोव्यात दिवाळी म्हणजे नरकासुर. मातीचे किल्ले मी या शहरात आल्यावरच जवळून पाहिले. गल्लीतली पोरे आधी डोंगर करतात, मग त्यात पाण्याचे टाके, मग तट, दरवाजा आणि वळणाची वाट. हळीव पेरतात, त्याला रोज पाणी घालतात, म्हणजे पाणी कोठून वाहते हे त्यांना आपोआप कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याविषयी हाच उपदेश आहे: आधी पाण्याची खात्री करावी, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. तेवढे जुने शहाणपण आपल्या गल्लीतल्या पोरांच्या हातात अजून आहे, आणि ते आपल्या नकाशांतून मात्र नाहीसे झाले आहे.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर माझ्या तालुक्याकडे पाहा. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्याआधी अभियंत्यांना दीर्घकाळ दमवले ते पेडण्याच्या बोगद्यातील मऊ, पाणी धरणाऱ्या मातीने. त्याच बोगद्यात २०२४ च्या जुलै महिन्यात पाणी व चिखल आला आणि गाड्या थांबल्या. त्याच पावसाळ्यात मालपे येथे महामार्गासाठी कापलेल्या डोंगराची दरड खाली आली. मोपाच्या सड्यावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. आता त्याच्याभोवती रस्ते, हॉटेले व वसाहती यांचे आराखडे तयार होत आहेत. डोंगर उताराचाच राहणार, पाऊस पडणारच. विचारायचे ते एवढेच: या नकाशांवर पहिली रेघ कोणती ओढली जाते?

आमच्या गावी असाच एक नवा रस्ता झाला. त्याचा बांध जुन्या पायवाटेवरून गेला. पूर्वी माझी आई दहा मिनिटांत शेतावर पोचत असे. आता खालच्या मोरीपर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो, आणि पावसात त्या मोरीत गुडघाभर पाणी असते. आईने तक्रार केली नाही. ती म्हणते, “रस्ता झाला हे चांगलेच झाले, फक्त आम्ही रोज जातो हे कोणाला माहीत नव्हते.” मला हे वाक्य टोचते. जो नकाशा करतो त्याला ‘माहीत नसते’, कारण लहानपणापासून त्याच्या पाटावर ती वाट कधी नव्हतीच.

कोणी म्हणेल, “मग काय मोटारी बंद करायच्या? रुग्णवाहिका कशी यायची?” नाही. मी मोटारीची वैरी नाही. घाटातली बस मलाही हवी. रस्ता हवा, रुंद हवा, चांगला हवा. फक्त त्याचा क्रम तिसरा असावा. आधी पाण्याची वाट मोकळी ठेवावी, मग पायाची, आणि त्यांच्याशी जुळवून चाकाची. चाकाला वळता येते, पाण्याला वळवले तर ते दुसऱ्याच्या घरात शिरते. आणि थकलेल्या पायांना रोजचा वळसा परवडत नाही.

माझी दोन नम्र सूचना आहेत. पहिली पालकांना: मुलांना विटा जरूर द्या, महागड्या नसल्या तरी चालतील, पण पाट कधीतरी अंगणात तिरका ठेवा, वरून पाणी ओता, आणि गप्प बसा. दुसरी आपल्या कॉलेजला: स्नेहसंमेलनात रांगोळी व पाककलेबरोबर ‘आपले गाव’ बांधण्याचीही स्पर्धा ठेवावी. मराठी व कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिश्र गट करून ती खेळावी. माती, चिरे, खोके, विटा, काहीही वापरावे. अट एकच, शेवटी परीक्षक वरून घागरभर पाणी ओततील.

आपल्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही सरकारी कचेरीत बसतील, आणि बाकीचे ग्रामसभेत नकाशा समोर आला की मान डोलावतील किंवा प्रश्न विचारतील. तो प्रश्न विचारण्याची सवय आजच लागली पाहिजे. मी डिचोलीहून निघाले तेव्हा भाच्याचा विमानतळही बांधून झाला होता. त्याच्या एका अंगाने निळ्या विटांची ओळ खाली व्हाळापर्यंत गेली होती. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “पावसाचे पाणी कुठे जाणार ते आधी ठरवले, मावशी.”