पहिली बाइक

भाच्याला अठरा पूर्ण झाली. "मामा, २०० सीसीच घ्यायची. तू फक्त आईला पटव." ताईचा फोन आधीच येऊन गेला होता, त्याला समजाव म्हणून.

रविवारी शोरूमला गेलो. पल्सर एनएस २००: २४ पीएस ताकद, वजन १५० किलोच्या वर. म्हटलं, बसून पायांनी मागे घे. जेमतेम जमलं, तेही सपाट फरशीवर. राजवाड्याच्या गर्दीत काय करशील?

१२५ सीसीची हलकी होती, पण त्या मॉडेलला एबीएस नव्हतं, नुसतं सीबीएस. इथे मी अडलो. कॉलेजात असताना पावसात घाबरून मी पुढचा ब्रेक करकचून दाबला, चाक लॉक झालं. खांद्यात अजून प्लेट आहे. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा लावतं.

मग होंडा युनिकॉर्न बघितली. १३ पीएस, पुढच्या चाकाला एबीएस, त्याचे दोन्ही पाय पूर्ण टेकले.

"ही तर काकालोकांची गाडी," तो पुटपुटला. (खरंय.) मग टाकीवर हात ठेवून म्हणाला, "मामा, प्लेट दुखते अजून?"

"थंडीत."

त्या दिवशी आयएसआय मार्कचं हेल्मेट तेवढं घेतलं. गाडीचं पुढच्या रविवारी, ताईला घेऊन.